अर्ध्या दुखवट्यातली कोंबडी

नाही नाही, तशी नाही बाई — टोकानं नका टोचू, बोट आडवं घाला. कातडी फाटली की संपलं. हां. आता ट्रफलची, त्या काळ्या भूछत्राची, चकती आत सरकवा, छातीवर दोन, तंगडीवर एक — पांढऱ्या कातडीखालून काळी दिसली पाहिजे, उगाच नाही हिला अर्ध्या दुखवट्यातली कोंबडी म्हणत. सिनेमात तुम्ही हे गुणगुणत करता. माझी आई हे करायची तेव्हा इथे सगळे श्वाससुद्धा जपून घ्यायचे. पण असू दे. सिनेमा चांगलाच आहे, मी कुठे वाईट म्हणतेय? लोक डोळे पुसत बाहेर पडतात आणि जेवायला आमच्याकडेच येतात — आज दुपारी एकही टेबल रिकामं नव्हतं. आणि तुम्ही माझ्या आईचं काम केलंत म्हणून एवढ्या पॅरिसहून आभार मानायला आलात, फुलं आणलीत — कोण करतं हो आजकाल?

एक मात्र सांगते, वाईट वाटून घेऊ नका. त्यात माझं काम करणारी ती पोर 'आई, आई' करत तुमच्या मागे फिरते ना — तसं नव्हतं. अख्खं लियों तिला वियारआई म्हणायचं. महापौर आई म्हणायचे, कोळसेवाला आई म्हणायचा. आणि मी? मी 'मादाम वियार' म्हणायचे. चुलीपाशी मी बाकीच्या कामवाल्या पोरींसारखीच, म्हणून. घरी? घर कुठलं बाई, वर झोपायची खोली होती नुसती, ती वर यायच्या आधीच माझा डोळा लागायचा. तिचं तोंड गिऱ्हाइकांना, मला तिची पाठ. ती पाठ मला पाठ आहे — ॲप्रनची गाठ डावीकडे, उजवा खांदा जरा खाली, मानेवर सुटलेले केस. तोंड आठवायला मला फोटो बाहेर काढावा लागायचा, पाठीला कधीच नाही. तिला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सकाळी चूल पेटवली की ती तिथे उभी असायचीच. मी घाबरत नव्हते. आपली कामाला लागायचे.

आता घाबरते. सिनेमा आल्यापासून ती वळते — जन्मात कधी वळली नाही, आता वळते, आणि तोंड तुमचं असतं. माझ्या गालाला हात लावता, 'माझी पिसू' म्हणता — तो प्रसंग आहे ना, अंड्यांच्या टोपलीपाशी? लिहिणाऱ्यानं मला विचारलं होतं, आई तुम्हाला लाडानं काय म्हणायची. मी सांगून टाकलं, पिसू. का म्हणजे? आपल्याकडे सगळ्यांच्या आया लेकरांना लाडानं पिसूच म्हणतात. परक्या माणसाला 'काहीच नाही' असं कसं सांगायचं? आणि आता मंगळवारी खाणावळ बंद असली की मी थेटरात जाऊन बसते. दर मंगळवारी. तेवढं वाक्य झालं की उठते, तिकिटवाली हसते मला. आता कुणी विचारलं ना, तर शपथेवर सांगेन की आई म्हणायची. टोपलीपाशीच म्हणाली. अंड्यांचा गारवासुद्धा आठवतो मला — हे तुम्हाला का सांगत बसलेय मी?

कोंबडी राहू दे. हात पुसा. जरा तिथे उभ्या राहा — चुलीपाशी, तोंड तिकडे करून. थांबा, गाठ मी बांधते. खांदा खाली. अजून जरा. हं.

आता ते म्हणा. नाही, सिनेमातल्यासारखं नको, हसू नका त्यात — रस्सा ढवळता ढवळता सहज तोंडातून निघून गेल्यासारखं. तिला वेळ नव्हता हो, नाहीतर म्हणालीही असती. म्हणा.

…

नको, परत नको. वळू नका — डोळे पुसायचे तर तशाच पुसा. तुमच्या समोरचं, चुलीशेजारचं दार मागच्या गल्लीत निघतं. तुमचा कोट हॉटेलवर पाठवून देते मी. काही बोलू नका आता. तशाच, पाठमोऱ्या — जा.