चारदा कटलेला फोन

तुमी हसता, पण त्या दिवशी माहा जीव नुसता खालीवर होऊन राहिला होता. पोरगी बाळंतपणाले अमरावतीच्या दवाखान्यात अन मी अकोटले घरी. जावयाचा फोन आला. पडद्यावरचं हिरवं गोल वर ओढलं, तर फोन कटला. परत वाजला, परत कटला. असं चारदा झालं. मी लावला तर लागेना. मंग वाजनंच बंद झालं.

घरात बसवेना. तसाच एसटीत बसलो.

दवाखान्याच्या दारातच जावई म्हणे, "मामाजी, मुलगी झाली म्हणून मेसेज टाकला, तं तुमी फोन कापून राहिले! मुलगी झाली म्हणून बाबा नाराज झाले, असं समजून तुमची पोरगी आत रडून राहिली."

पळतच आत गेलो. म्हटलं, "बाई, मी नाही कापला. त्या फोनले माहं बोटच समजत नाही!" नातीले जवळ घेतलं, तवा पोरीचं रडनं थांबलं.

तिथून थेट अमरावतीतल्याच मोबाईलच्या दुकानात. दुकानदार कॅमेराच दाखवून राहिला. म्हटलं, "ते राहू दे. यावर फोन लाव, मले उचलून पाहू दे." शेवटी बटनवाला घेतला.

नात झाल्याचं सांगितलं, तं तो म्हणे, "काका, मंग यात तिचे फोटो कसे पाहाल?"

म्हटलं, "फोटो काहून? तिले पाहाले मी खुद येतो ना!"