मिठबावात तेल पिणारी जीप

(कसालच्या बशीर मिस्त्रींनी सांगितलेलं)

माझा जन्म मिठबावचा, खाडीच्या बाजूला आमचं घर, बाप देवगडच्या एका लाँचीवर इंजिनवाला, म्हणजे जाळी ओढणारे वर आणि हा खाली इंजिनापाशी, दिवसभर डिझेलच्या वासात, घरी आला तरी तो वास जायचा नाही, आई म्हणायची, ह्यो माणूस न्हालो तरी इंजिनच. तू कॉलेजात लिहून न्यायचं म्हणतेस म्हणून मी जमेल तेवढं शुद्ध बोलतो बाय, पण मधे आमची मालवणी येणार, ती येऊ दे, ती काढलीस तर मी बोललो असं वाटायचं नाही.

सातवी झाली आणि बापाबरोबर लाँचीवर. तिथे खाली उजेड कसला, नट कितीचा ते बोटाने ओळखायचं, पाना न बघता उचलायचा. मग सहा वर्षं कोल्हापूरला एका वर्कशॉपात गाड्यांचं काम शिकलो, लग्न झालं, हमीदा म्हणाली, परमुलखात माका रवाचा नाय, म्हणान कसालला आलो. हायवेचं गाव, गाड्या येणार. रस्ता चौपदरी झाला तेव्हा आमचं गॅरेजचं जुनं छप्पर गेलं, आता हे मागे घराला लागून केलंय. पण तीस वर्षं काम एकच, इंजिन. टायर नाही, पत्रा नाही, रंग नाही. कुडाळपासून आचऱ्यापर्यंत कोणाचं इंजिन बसलं की म्हणायचे, बशीरकडे ने.

आता काय सांगू तुला, जे सांगायला बसलोय ते वायच कठीण आहे. दोन वर्षांमागे माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. मी कोणाला सांगितलं नाही. हमीदालासुद्धा नाही. लोकांना कळलं की मिस्त्रीला दिसत नाही, तर इंजिन कोण देणार? सकाळच्या उजेडात बारीक काम करायचं, दुपारनंतर पाने पुसत बसायचं, असं चाललं होतं. त्यातच मिठबावचे गुरुजी जीप घेऊन आले. गुरुजी म्हणजे आमच्या गावचे निवृत्त हेडमास्तर, मला तिसरीत त्यांनी शिकवलंय, कान धरून शिकवलंय. जुनी डिझेलची जीप, घरच्या कलमांचे आंबे देवगडला न्यायचे, काकूंना घेऊन तालुक्याला जायचं, एवढंच काम, पण इंजिन थकलं होतं. मी ते पूर्ण उघडलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, सगळं घालून बांधलं, आणि देताना म्हटलं, गुरुजी, नवं इंजिन आहे, रोज सकाळी ऑइल मोजायची पट्टी काढून बघायचं, एक दिवस चुकवायचं नाही. गुरुजी म्हणाले, बशीर, तुझा शब्द पाळीन.

त्यानंतर हमीदाने एकदा पकडलं, चहात साखर म्हणून मीठ घातलं मी, ती म्हणाली, तुमका दिसत नाय ना? मग ऑपरेशन झालं, डोळा स्वच्छ झाला, आणि नेमका त्याच महिन्यात गुरुजींचा फोन, बशीर, गाडी ऑइल पिते आहे, दर दोन दिवसांनी अर्धा लिटर घालावं लागतं आणि मागून निळा धूर येतो.

बाय, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि नवं बांधलेलं इंजिन ऑइल जाळतं तेव्हा पहिला संशय बांधणाऱ्यावर. पिस्टनवर तीन रिंगा असतात, त्यातली मधली ऑइल खरवडून खाली टाकते, तिला वरची बाजू असते, बारीक खूण असते, ती खूण वर पाहिजे. उलटी बसली तर तीच रिंग ऑइल खाली टाकायच्या ऐवजी वर चढवते. एवढीशी खूण, तांदळाच्या कणीएवढी. मी ती बघून बसवली होती का? मला आठवेना. खूप आठवून बघितलं, ते पिस्टन हातात घेतलेले आठवतात, रिंगांचा कागद फाडलेला आठवतो, पण खूण बघितल्याचं काही आठवत नाही. माझ्या मनात मी ठरवून टाकलं, रिंगा उलट्या निघाल्या तर पाने धुवायचे, पेटीत ठेवायचे, आणि इंजिन पुन्हा हातात घ्यायचं नाही.

गुरुजी गाडी घेऊन आले. पट्टीवर दोन खुणा असतात, ऑइल त्यांच्या मधे पाहिजे, काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. मी म्हटलं, लांब यायचं म्हणान गुरुजींनी जास्त घातलं असेल. हे लक्षात ठेव, इथे मी चुकलो, उत्तर समोर होतं आणि मी त्याला बाजूला सारलं.

गाडी ठेवून घेतली. पहिलं बघायचं, ऑइल बाहेर गळतं का. इंजिन धुतलं, सुकवलं, आणि जोडांवर हमीदाची अंगाला लावायची पावडर शिंपडली, गळती असेल तिथे पावडर ओली होते. हमीदा दारात उभी, म्हणाली, माका कधी एवढ्या प्रेमान पावडर लावलास? कुडाळला जाऊन आलो, पावडर कोरडी. रेडिएटरचं झाकण उघडलं, पाण्यावर तवंग नाही. म्हणजे ऑइल आतच जळत होतं. मग धूर कधी येतो ते बघितलं. सकाळी चालू करताना भसकन येऊन थांबला तर वरचे व्हॉल्व्हचे सील गेले, चढाला जोर लावल्यावर आला तर रिंगा. पहिल्या दिवशी चढाला, सपाटीला, सगळीकडे निळा. मी मनात म्हटलं, संपलं. हवेच्या फिल्टरचा पाईप काढला, आत ऑइलने चिकट, म्हणजे इंजिनाचा श्वास जिथून बाहेर पडतो त्या नळीतून ऑइल उडत होतं आणि परत आत ओढून जळत होतं. पण इंजिन चालू ठेवून ऑइल घालायच्या तोंडावर तळहात धरला, आणि रिंगा खराब असतील तर तिथून वाफ जोरात धक्का मारते, तसा धक्का लागेना. नुसतं फुंकल्यासारखं. डोळ्याचं सोड, पण माझा तळहात अजून मला फसवत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑइल खुणेवर आलं, धूर कमी. तिसऱ्या दिवशी धूर नाही. चौथ्या, पाचव्या दिवशी मालवणला जाऊन आलो, पट्टीवर ऑइल जिथल्या तिथे. मी काही दुरुस्त केलं नव्हतं, नुसती फिरवली होती. गुरुजी खूश होऊन घेऊन गेले, आणि आठ दिवसांत परत फोन, बशीर, पुन्हा पिते आहे.

ही गोष्ट इथे नाक्यावर सगळ्यांना कळली. पलीकडे सर्व्हिस रोडला महेशचं नवीन गॅरेज, तो कॉम्प्युटर लावून गाड्या तपासतो, मुलगा चांगला, पण तोंड मोकळं. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, चाचा, तुमची जीप कसालात उपास करता आणि मिठबावात जेवता, थंयच्या देवचाराक ऑइल आवडता दिसता, रोट घाला तेका. देवचार म्हणजे आमच्याकडे गावाची राखण करणारा, त्याला रोटाचा नैवेद्य देतात. लोक हसले. मीसुद्धा हसलो. मग कोणीतरी मागून हळू म्हणालं, देवचार कसलो, म्हाताऱ्याक दिसत नाय आता. तेव्हा कोणी हसलं नाही, ते मला जास्त लागलं.

गुरुजी तिसऱ्यांदा आले ते एवढंच म्हणाले, बशीर, इंजिन उघड आणि बघ. महेश म्हणाला, उघडा चाचा, मी मदतीक येतंय. हमीदा म्हणाली, उघडा एकदा, उलटी आसली तर आसली, हात माणसाचो आसा, चुकता. सगळे बरोबर बोलत होते. पण मी नाही म्हटलं. खरं सांगतो, त्यात अर्धी अक्कल होती आणि अर्धी भीती. अक्कल अशी की चांगलं बांधलेलं इंजिन उघडलं की नव्या बसलेल्या रिंगा हलतात, मग आधी काय होतं ते कोणाला कळायचं नाही. आणि भीती कसली ते तुला सांगितलंच. मी गुरुजींना म्हटलं, गाडी इथे पीत नाही, तिथे पिते, तर दोष असेल तो तिथे बघितला पाहिजे, मी तुमच्याबरोबर येतो. गुरुजी म्हणाले, गाडीचा आजार घरी येऊन बघणारा डॉक्टर पहिल्यांदा पाहतो आहे.

निघायच्या आधी ऑइल मी बरोबर वरच्या खुणेवर आणून ठेवलं. जाताना गाडी मी चालवली, धूर नाही. रात्री बहिणीकडे राहिलो, सकाळी साडेसहाला गुरुजींच्या घरी. अंगणात जीप दिसेना. काकू म्हणाल्या, मागे बघ रे, तिका बंगलो बांधलो हा. घराच्या बाजूने वर कलमांत जाणारी चढण आहे, चिरे बसवलेली, त्या चढणीवर गुरुजींनी पत्र्याची नवी शेड घातली होती आणि आत जीप, तोंड वर करून, मागच्या चाकांना धोंडे लावलेले. मी विचारलं, पूर्वी खंय लावायचात? काकू म्हणाल्या, अंगणात, फणसाखाली. पण तू नवीन इंजिन घातलंस ना, तेका ऊन लागता, पाऊस लागता, म्हणान ही शेड.

गुरुजी आले. आंघोळ, पूजा झालेली, अंगात स्वच्छ सदरा, एका हातात फडकं, एका हातात ऑइलचा डबा. बॉनेट उघडलं, चष्मा लावला, पट्टी काढली, पुसली, परत घातली, काढली, वर्गात मुलाची वही दाखवतात तशी माझ्यासमोर धरली. बघ, खालच्या खुणेच्याही खाली. आणि डबा उघडायला लागले.

मी म्हटलं, गुरुजी, थांबा. माझा आवाज चढला असणार, कारण काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मी धोंडे काढले, ब्रेक धरून जीप हळूहळू मागे सोडली, खाली अंगणात सपाटीला आणून उभी केली. म्हटलं, आता चहा घेऊया. गुरुजींना काही कळेना. चहा झाला, दुसरा झाला, मग मी म्हटलं, आता तुम्हीच पट्टी काढा.

ऑइल वरच्या खुणेवर. बरोब्बर खुणेवर, मी कसालला ठेवलं होतं तिथेच.

बाय, गाडी नाक वर करून उभी राहिली की चेंबरमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेलं ऑइल मागे पळतं, आणि त्या इंजिनाची पट्टी पुढे आहे. पट्टीला खाली ऑइल लागणार कुठून? गुरुजी रोज सकाळी चढणीवर बघायचे, कमी दिसलं की घालायचे. भरलेल्या इंजिनात आणखी, आणखी. मग क्रँक, म्हणजे आतला फिरता दांडा, ते ऑइल घुसळणार, ते नळीतून उडणार, जळणार, निळा धूर येणार. जास्तीचं जळलं की गाडी शहाणी. कसालला कोण घालत नव्हतं, म्हणून कसालला पीत नव्हती.

काकू आधी हसल्या. म्हणाल्या, म्हणजे पोट भरलेल्या गाडीक तुम्ही रोज सकाळी बळेबळे जेवण घालीत होतास! गुरुजी पट्टी हातात धरून उभे, ऑइलचा थेंब त्या स्वच्छ सदऱ्यावर पडला तरी कळलं नाही त्यांना. मग म्हणाले, पण बशीर, तूच म्हणालास, रोज बघा. मी म्हटलं, होय गुरुजी, बघा म्हटलं, सपाटीला उभी करून बघा हे म्हटलं नाही.

मला आनंद झाला असं तुला वाटेल. झाला, पण अर्धा. कारण रिंगा अजून आतच होत्या. शेडचा दोष सापडला म्हणून मी सुटलो असं नाही, दोन चुका एका गाडीत असू शकतात. मी गुरुजींना म्हटलं, गाडी अंगणात लावा, बघा रोज, पण एक थेंब घालू नका, एक महिना, मी येईपर्यंत. आंब्याचे दिवस होते, जीप रोज देवगडला जात होती, पेट्या भरून, चढ चढून. रिंगा उलट्या असत्या तर तिने आठवड्यात दाखवलं असतं. तो महिना मी कसा काढला ते हमीदाला विचार. नवीन इंजिन कोणाचं घेतलं नाही, महेशकडे पाठवली दोन.

महिन्याने मिठबावला गेलो. सपाटीला, गार इंजिन, पट्टी मी स्वतः काढली. ऑइल काळं झालं होतं, ते होणारच, पण खुणेपासून उतरलं होतं ते इतकं, माझ्या या नखाच्या जाडीएवढं. मी पट्टी परत घातली, परत काढली, तीनदा बघितलं. मग फणसाखाली जाऊन बसलो. काकूंनी पाणी आणून दिलं.

गुरुजी त्याच आठवड्यात एसटीने कसालला आले, गाडी नाही, काम नाही. टपरीवर गेले, महेश होता, चार लोक होते, आणि प्रार्थनेला उभं राहून बोलतात तसे म्हणाले, बशीरने बांधलेल्या इंजिनात कोणताही दोष नव्हता, मी उतारावर मोजत होतो, चूक माझी आहे. मी धावत गेलो, म्हटलं, चूक माझी, मी पूर्ण सांगितलं नाही. ते म्हणतात माझी, मी म्हणतो माझी, शेवटी महेश म्हणाला, चाचा, गुरुजी, दोघांनी वाटून घेवा, आणि माका चाय पाजा, माझ्या कॉम्प्युटराक तर चढणच दिसना नाय. पण गुरुजींनी ऐकलं नाही. हेडमास्तर माणूस, चारचौघांत चूक माझी म्हणायला किती जड गेलं असेल. अल्ला त्यांना आणि काकूंना बरा ठेवो.

आता काम चालू आहे, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही करून घेतलं, या वेळी सगळ्यांना सांगून. पण एक सांगतो तुला, लिहायचं तर लिही. त्या जीपच्या रिंगा मी सरळ बसवल्या हे मला गाडीने सांगितलं, माझ्या आठवणीने नाही. तो दिवस अजूनही आठवत नाही, आता आठवायचा नाही. म्हणान आता रिंग बसवताना मी मोठ्याने बोलतो, एक नंबर, खूण वर, दोन नंबर, खूण वर, प्रत्येक पिस्टनला. आतून हमीदा विचारते, कोणाबरोबर बोलतास? मी म्हणतो, कोणाबरोबर नाय गो, तू फक्त आयकून ठेव.