नोंद ऱ्हातीय रं गड्या

...आन तुमी म्हंता भूत नसतं! आवं, तुमास्नी सांगतो, आमच्या कारखान्याच्या सर्व्हर रूममधी या, दिवसाढवळ्या, अकराच्या चहाला, आन उभं ऱ्हावा गप. खट्... खट्... अडकित्ता! आमच्या आप्पासोंचा! एसी वाजत आसंल म्हंता? पाच वरीस ततंच बसतोय, मला एसी कळत न्हाई व्हय? माझं वरिष्ठ हुतं आप्पासो. सुपारी कातरत एकच म्हनायचे, "मानूस जातंय, नोंद ऱ्हातीय रं गड्या."

गेला वो मानूस, भाद्रपदात. आन गेला त्यो बट्टा घिऊन. गेल्या गळिताच्या हंगामाला ऊसतोडीच्या पाळ्यांची यादीच पुसली गेली! कुनाचा ऊस आदी, कुनाचा मागनं, काय पत्ता न्हाई! गेटावर ह्यो दंगा! समदे म्हनले, आप्पासोंनी पुसली, म्हाताऱ्याला दिसतंय कुठं? आप्पासो कायबी बोलले न्हाईत. मी... मीबी न्हाई बोललो.

यंदा आमच्या खात्याच्या साहेब, संयोगिता मॅडम, म्हनल्या, "जयराज, पुन्हा असं नको. सगळ्या सर्व्हरवर लॉगचा एजंट बसव." एजंट म्हंजी विम्याचा न्हाई वो! लिनक्सवर, म्हंजी सर्व्हर ज्येच्यावर चालतोय त्येच्यावर, कोन आलं, काय उघडलं, काय पुसलं, ते सर्व्हर लिवून ठेवतोयच. ते गोळा करून एका पडद्यावर धाडनारा ह्यो राखनदार. सात सर्व्हर, सात राखनदार. चालू केलं, तर पडदा कोरा! राखनदार फकस्त नवं तेवढंच वाचतो. आन मॅडमनी तर गळीत सुरू व्हताना, मोळीपूजनाला, समद्यांम्होरं, बटन दाबायचा कार्यक्रम ठरिवल्याला, त्योबी आप्पासोंच्या कारभारनीच्या, धोंडुबाईंच्या हातनं! कोऱ्या पडद्याला टाळ्या कोन वाजिवनार? म्हनून मी शाना... काय शाना वो मी! त्याला सांगितलं, बाबा, पार पयल्या नोंदीपासनं वाच.

खट्... ऐकलं का?

नारळ फुटला, बटन दाबलं, पडदा भराभरा भरला. टाळ्या! धोंडुबाई म्हनल्या, "इंग्रजी हाय. ह्यांचं नाव कुठं हाय, वाचून दावा की." मॅडम म्हनल्या, "वाच ना जयराज, मोठ्यानं." हुडकलं. सापडलं. आन त्येच्या वरचीच वळ... यादी पुसली. पुसनारा, जयराज.

व्हय, मीच! चुकून वो! जागा मोकळी करत हुतो, भलतीच फाईल गेली. भ्यालो. नोकरी जाईल म्हनून भ्यालो.

आन खालची वळ? त्याच सांजंला आप्पासोंनी ती नोंद उघडून बघितल्याली! म्हंजी ठावं हुतं त्यास्नी! सारं ठावं असून मानूस लोकांच्या शिव्या खात माझ्याम्होरं बसला, सुपारी कातरत, "नोंद ऱ्हातीय रं गड्या"... मला सांगत हुता वो, मला! लय लाज वाटली. आजून वाटतीया.

वाचल्या दोनी वळी, समद्यांम्होरं. धोंडुबाई रडल्या न्हाईत, वरडल्या न्हाईत. म्हनल्या, "ह्ये मला सांगून गेल्यात. म्हनायचे, पोरगं सवताहून सांगंल, वाट बघू."

सवताहून!

नोकरी? ऱ्हायली की! मॅडमनी शिक्षा काय दिली ठावं हाय? रोज सकाळी त्यो पडदा मीच वाचायचा. आवं, भूत आस्तं तर नारळावर भागिवलं आस्तं. ह्यो राखनदार तर मीच बसिवलाय!

खट्... व्हय आप्पासो, ऱ्हातीय. वाचतोय न्हवं.