बारावी चिठ्ठी

ऐकलं हो मी, भाऊ, तुमच्या आईंना लांबून आणलंय, तुमची चिठ्ठी तेरावी आणि डॉक्टर बाराच जण तपासतात — मला काय सांगता, चिठ्ठ्या मीच लिहिते. चर्चच्या या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात, आणि गेली नऊ वर्षं ही वही माझ्याकडे आहे. बसा जरा. आईंना इथे बसवा, ती खुर्ची डगमगते.

बारावी चिठ्ठी आमच्या ह्यांची आहे. ते बघा, खिडकीपाशी, करड्या स्वेटरमध्ये. घड्याळं दुरुस्त करतात — करायचे. वर्षाच्या सुरुवातीला म्हणाले, कडेचं धूसर दिसतंय. डॉक्टर म्हणाले काचबिंदू, दर महिन्याला दाखवायचं, चुकवायचं नाही, गेलेली नजर परत येत नाही. मी हो हो म्हटलं — आणि पुढच्याच महिन्यात एक बाई आली, कडेवर तान्हं मूल, डोळा हा एवढा सुजलेला, मग काय करणार? ह्यांची चिठ्ठी दिली तिला. त्याच्या पुढच्या खेपेला शाळेतल्या बाईंची सासू. मग तो ट्रकवाला, तुमच्यासारखाच लांबून आलेला. आधी दुसऱ्याचं बघायचं, हेच शिकत आलो ना आम्ही, लहानपणापासून, दर रविवारी — घरचं माणूस काय, घरचंच आहे, थांबेल. थांबलेही ते. उठायचे, टोपी घालायचे, माझ्यामागून निमूट घरी.

आणि पाळकसाहेबांनी भर उपासनेत माझं नाव घेतलं. म्हणाले, त्याग कसा असतो ते या बाईंकडून शिका. सगळ्या माना वळल्या माझ्याकडे. बरं वाटलं हो, खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. हे शेजारीच बसले होते, पण ह्यांच्याकडे काही मी बघितलं नाही.

परवा दुपारी चहा घेऊन गेले, तर हे टेबलावर तळवा फिरवतायत. स्क्रू शोधत होते, तांदळाच्या कणीएवढा. समोरच पडला होता, जरा डावीकडे. मी उचलून हातात दिला, म्हटलं, या महिन्यात नक्की दाखवू हं. तर शांतपणे म्हणाले, "अगं, द्यायचं तर तुझं द्यायचंस. हे माझं होतं."

बस, एवढंच. मग चहा प्यायले. तेव्हापासून एकच घोकतेय मी — जन्मभर दुसऱ्याचं बघ, दुसऱ्याचं बघ, आणि मग हे कोण होते? हेही दुसरेच की! माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. प्रभूला काय तोंड दाखवू, ते तर राहूच दे, ह्यांना ताट वाढताना मान वर होत नाही माझी. दमले हो मी, भाऊ.

आईंना त्रास होतोय, दिसतंय मला. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि हो म्हणायचा मला हक्क नाही. दहावा आत गेलाय. मला नका विचारू — त्यांना विचारा, चिठ्ठी त्यांच्या खिशात आहे. जा. उजवीकडून जा पण, डावीकडून आलेलं माणूस त्यांना दिसत नाही.