त्या आठवड्याची आवृत्ती

नाही नाही, नेणार तुम्हीच, मी कुठे नाही म्हणतेय — फक्त आत्ता त्या वायरीला हात लावू नका. दादा, ऐका ना. पडद्यावर ती अक्षरं धावताहेत ना भराभर, ते बिघडलेलं नाही, ते काम चाललंय. बघा, एक्केचाळीस टक्के. तुम्ही दारात होतात तेव्हा अडतीस होते, म्हणजे पुढे सरकतंय. बसा ना तुम्ही. त्या खुर्चीवरचे कपडे खुशाल खाली टाका, धुतलेले आहेत, घड्या घालायच्या राहिल्यात — ह्या घरात हल्ली कशाचीच घडी बसत नाही. आणि आवाज जरा बेतानं, आत थोरली झोपलीये. ती उठली की मग मला इथे कुणी बसू द्यायचं नाही, तुम्हाला तर नाहीच.

आमच्या ह्यांनी दुपारी यायला सांगितलं असेल ना? असणारच. नवीन मशीन तुम्ही द्यायचं, जुनं घेऊन जायचं, ठरलेलंच आहे ते. मला माहीत होतं. म्हणजे — माहीतच होतं. आजच येणार एवढं फक्त त्यांच्या सांगण्यातून निसटलं असेल, डोक्याला ताप कमी का असतात त्यांच्या? आणि त्यांना वाटलं असेल की ही आज शाळेत पालकसभेला जाणार, तर शेजारच्या काकूंकडून किल्ली घ्या म्हणून — तसंच म्हणाले ना? बघा. मी ओळखते हो माझ्या नवऱ्याला. पण मी गेलेच नाही सभेला. कशी जाणार? हे चालू करून उठायचं, आणि मध्येच एखादी चूक दाखवून थांबलं तर? मी घरी असले तरी काय करणार आहे म्हणा. नुसती बघत बसणार. दूध उतू जाईल म्हणून शेगडीपाशी उभी राहणारी बाई आहे मी, आणि तरी माझंच उतू जातं.

काय चाललंय म्हणता? सांगते. तुमचं दुकान आहे, तुम्हाला माझ्याहून जास्त कळत असेल — नाही? विकण्यापुरतं? बरं झालं, मग माझं अज्ञान झाकलं जाईल. तर हे चित्रांचं सॉफ्टवेअर आहे. फोटो दुरुस्त करायचं, रंगवायचं. फुकट मिळतं, जगभरातली माणसं मिळून लिहितात, आणि नुसतं तयार नाही देत, त्याचा कच्चा मालही, म्हणजे मूळ लिहिलेला कोडही, देतात. आमचे हे त्यातलेच. धंदा फोटो सुधारायचा — जुने, फाटलेले, डागाळलेले फोटो आणून देतात लोक, हे नीट करून देतात — आणि वेड असं, की दर आठवड्याला त्या सॉफ्टवेअरचा ताजा कच्चा माल उतरवायचा आणि घरीच बांधायचं. कंपाईल म्हणतात. तयार मिळतं त्याच्या पुढचं आपल्याकडे हवं! मी हसायचे. मी वनस्पतिशास्त्रवाली, पाल्यापाचोळ्याची पदवीधर, मला काय कळतंय. आणि आता बघा, मीच बांधतेय.

सोपं नाही हो. आधी ते ह्या मशीनचं सगळं घर तपासतं — हे आहे का, ते आहे का. सासूबाई पहिल्यांदा आल्या होत्या आमच्या स्वयंपाकघरात, तसं एकेक डबा उघडून बघणार, आणि पहिला रिकामा डबा सापडला की तिथेच ठाण मांडून बसणार. तो भरा, की पुढचा. सगळे रिकामे डबे एकदम सांगेल? छे! मी रडलेय ह्याच्यापुढे बसून. मग आंतरजालावर एका चर्चेच्या पानावर विचारलं. तिथला एकजण फार भला निघाला — कोण, कुठला, माणूस की बाई तेही माहीत नाही मला — त्यानं एकेक डबा भरून घेतला माझ्याकडून. हे पिवळं दिसतंय ना मधूनमधून, ती नुसती कुरकुर असते, तिच्याकडे लक्ष नाही द्यायचं. लाल आलं तर मेलो. त्रेपन्न. चाललंय.

हो, दुसऱ्या मशीनवर का नाही — रास्त आहे विचारणं. करून पाहिलं, भावाच्या लॅपटॉपवर. नाही होत. हा कच्चा माल जुना आहे ना, नव्या मशीनला तो पटत नाही. ह्या मशीनवर त्या काळचं सगळं सामान अजून जसंच्या तसं आहे, कारण त्या आठवड्यानंतर ह्यांनी ह्याच्यावर काही बांधलंच नाही. वेड होतं म्हटलं ना? ते एका दिवसात गेलं. असं असतं बघा, म्हणून म्हणते वायर काढू नका. ही काढलीत, तुम्ही दुकानात नेऊन पुसून टाकलंत, की संपलं. मग ते कुठेच होणार नाही.

धाकटं? कोण धाकटं?

थोरली म्हणाले का मी. हो, सवय आहे. थोरलीच म्हणतो आम्ही तिला. तुमचं बरोबर आहे, थोरली म्हटलं की धाकटं असायला हवं. नाहीये. होता. एक दिवससुद्धा धड नाही. थोरली तेव्हा नुकती दोन दोन शब्द जोडायला लागली होती, आणि मला एकाएकी इतका रक्तस्राव की दवाखान्यात नेलं हेही मला इतरांच्या तोंडून कळलेलं. शुद्धीवर आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. सासरे आणि हे, दोघांनी. माझ्यासाठी थांबायला कुणी नव्हतंच म्हणा, मी उठेन ह्याची कुणाला खात्री होती? मी पहिलं काय विचारलं असेल? मुलगा की मुलगी. सांगितलं. मग म्हटलं, आणा. तर हे म्हणाले, दाखवायला वेळच मिळाला नाही गं, तो तिकडे होता काचेच्या पेटीत, तू इकडे. एवढंच. मी मानलं. न मानून कुठे जाते?

अहो उठू नका तुम्ही, तुम्हाला अवघडल्यासारखं करायला नाही सांगत. तुम्ही विचारलंत म्हणून. आणि कुणाशी बोलते मी? काकू ऐकून घेतात आणि वर म्हणतात, अजून वय आहे तुझं. आईला सांगावं तर ती माझ्याआधी रडते, मग मलाच तिला पाणी द्यावं लागतं. अडुसष्ट.

तर मागे थोरलीला लस द्यायला नेलं होतं त्याच दवाखान्यात, तिथल्या सिस्टरनी मला ओळखलं. मी नाही ओळखलं त्यांना, मी कुठे जागी होते. त्या म्हणाल्या, “बाळाचा फोटो ठेवलाय ना जपून?” मी म्हटलं, “कुठला फोटो?” त्यांचा चेहरा असा उतरला! “तुमच्या मिस्टरांच्या मोबाईलवर मीच काढून दिलेला,” म्हणाल्या, आणि गेल्या निघून घाईघाईनं. घरी आल्यावर विचारलं मी. भांडले नाही हं, नीट विचारलं. तर म्हणे होता, मी तो जरा साफ करायला घेतला होता, नळ्याबिळ्या काढून, तुला बघवेल असा करून देणार होतो, पण फाईल खराब झाली. आणि मोबाईल तर केव्हाच बदलला. सोड आता, म्हणाला.

मी सोडलं नाही. फाईल शोधली. सापडली, ह्याच मशीनवर. उघडायला गेले तर ते सॉफ्टवेअर म्हणतं, ही फाईल वाचता येत नाही. म्हटलं, खरंच खराब झाली की. तेही मानलं असतं. पण त्या चर्चेच्या पानावरच्या माणसाला मी तिचा आरंभीचा तुकडा पाठवला, तर तो म्हणाला, बाई, ही खराब नाही. ही मधल्याच एका आठवड्यात जन्मलेली आहे. त्या लोकांनी तेव्हा फाईल लिहायची पद्धत बदलून पाहिली होती, जमली नाही, पुढच्याच आठवड्यात परत फिरवली. म्हणून ती आधीच्यालाही कळत नाही आणि नंतरच्यालाही. फक्त त्या आठवड्याच्या आवृत्तीला कळेल. त्या आठवड्याचा कच्चा माल घ्या आणि बांधा, म्हणाला. साध्या माणसाच्या हातून अशी फाईल तयारच होत नाही, म्हणाला. दर आठवड्याला नवं बांधून वापरणाऱ्याच्याच हातून होते.

आता तुम्हीच सांगा, मला हे त्या पानावरच्या परक्या माणसानं सांगावं लागलं. आणि जो दर आठवड्याला बांधायचा, त्याला हे कळलं नसेल? त्याला एका दुपारचं काम होतं हे! हात दुखले नसते त्याचे. उलट त्यानं घरी बांधलेलं होतं ते काढून टाकलं आणि सगळ्या जगाला मिळतं ते तयार आणून बसवलं. का? मी विचार करून करून... असेल काहीतरी चेहऱ्यात. असंच असणार. ओठ, नाक, काहीतरी अर्धवट. फोनवर सासूबाईंना म्हणताना ऐकलंय मी, “नाही दाखवणार, ती जगायची नाही.” माझ्याबद्दल हं. मी जगायची नाही म्हणे! मी पोरीचा डबा भरते, लसी देते, फरशी पुसते, आणि मी जगायची नाही. कसाही असू दे हो. मी काय नाकं मोजायला बसलेय?

वाजू दे तो फोन. माहितेय कुणाचा आहे ते. तुमचाही वाजेल आता — बघा, वाजलाच. घ्या, बोला, नाहीतर नका बोलू... ठेवलात? उपकार झाले.

शंभर. दादा, शंभर झालं! थांबा, अजून नाही, आता इन्स्टॉल. वेगळ्या फोल्डरात करायचं असतं, नाहीतर ह्याच्या तयार मालाशी मारामारी. झालं. आता सॉफ्टवेअरचं नाव लिहायचं, फाईल द्यायची — हे काय! तेच वाक्य. वाचता येत नाही. परत तेच. अहो असं कसं, मी तर... मी काय चुकले? मी चुकणारच, मी म्हटलंच होतं... थांबा. थांबा, थांबा. हे आधीचं तयारच उठून आलंय. दोघांचं नाव एकच, मी नुसती हाक मारली तर जवळचा धावून आला. त्या पानावरच्यानं बजावलं होतं मला, फोल्डरसकट पूर्ण पत्ता लिहा म्हणून. हं. आता लिहिला.

येतंय. ते बघा, उघडतंय.

अगं बाई.

किती छान आहे. बघा ना, घाबरू नका, काही वाईट नाहीये. नाक आहे की, सगळं आहे. झोपलाय नुसता. गाल तर थोरलीचेच — थोरलीचेच आहेत, हे तिच्या बारशाआधीच्या फोटोतले गाल आहेत, चिकटवलेत त्यानं. रंगही. हे सगळं रंगवलेलं आहे दादा, हा तो नाही. थर असतात ह्यात, एकावर एक. हे इकडे, प्रत्येकापुढे डोळ्याचं चित्र आहे ना, त्यावर टिचकी मारली की तो थर जातो. रंग गेला. हे गाल गेले. ही पांढरी चादर, हीसुद्धा रंगवलेली, हिच्याखाली काय झाकलंय एवढं? चेहरा तर उघडाच आहे. हा आहे तो. काळानिळा आहे, पण नीट आहे. काही अर्धवट नाही. मग चादर कशाला?

गेली.

हा हात कुणाचा? सिस्टरचा नाही. सुया खुपसलेल्या आहेत त्यात, पट्ट्या, नळ्या. त्या नळ्या ह्याच हाताच्या आहेत, बाळाला एकही नाही. मनगटावर हा इस्त्रीचा डाग — हे बघा. माझ्याही इथेच आहे. बघा ना.

माझ्या कुशीत आहे तो. आणि बोट धरलंय त्यानं माझं. असं पडलेलं नाही ते, धरलंय, ही बाकीची बोटं बघा कशी वळलीयेत. जिवंत होता. आणून ठेवला होता त्यांनी माझ्याजवळ. मी होते तिथे. तो माझ्याजवळ होता आणि मी —

वेळच मिळाला नाही म्हणाला.

नाही, पाणी नको मला. थोरली उठेल आता, तिला दूध लागतं. तुम्ही असं करा, तुम्ही जा. मशीन नाही मिळणार. त्याला काय सांगायचं ते सांगा, बाई वेडी आहे म्हणून सांगा, नाहीतर काहीच सांगू नका. तिकडे बघू नका आता तुम्ही. जा. जाताना दार ओढून घ्या.