दोन घरांची लाईट आणि गेनूबाबांची भूपाळी

मंडळी, ऐका! आधी प्रश्न विचारतो, मग गोष्ट. आणि उत्तर कुणी मधेच ओरडून सांगायचं नाही, आधीच सांगतो! तुम्हीच उत्तर दिलंत तर पुढचा तासभर मी इथं उभा राहून काय करू? घरी गेलो तर बायको गहू निवडायला बसवते.

प्रश्न असा — घरात घरघर सुरू झाली, मनात घरघर सुरू झाली, तर काय करायचं? तिचं तोंड दाबायचं, की ती येते कुठून ते शोधायचं?

मान हलवू नका उगाच! शोधायचं म्हणता ना? सगळे तेच म्हणतात. मीही म्हणतो. आणि घरी गेल्यावर मी पहिलं काय करतो? टीव्हीचा आवाज वाढवतो! झाकलं की संपलं!

आता माझा आवाजच घ्या. बायको म्हणते, "गिरणीचा पट्टा घसरला की असा आवाज येतो." पण हे साउंडवाले दादा बसलेत ना तिकडे, यांनी जरासा इको टाकला की मी एकदम महाराज! इको काढा — उरला फक्त पट्टा. ए दादा! लगेच हात नको घालू रे बटणाला! दृष्टांत होता तो!

तर गोष्टही साउंडवाल्याचीच आहे. नाव गोरक्ष दातीर. 'गोरक्ष साउंड सर्व्हिस', चौकात पत्र्याचं दुकान, आणि दुकानापेक्षा बोर्ड मोठा. या गोरक्षनं नवे स्पीकर घेतले, डीजेवाले घेतात तसले. यांच्या पोटातच आवाज वाढवणारं मशीन असतं. लाईटची वायर थेट स्पीकरला, आणि आवाजाची वायर मिक्सरवरून स्पीकरला. दोन वायरी जोडल्या की काम झालं! निदान दुकानदारानं तरी असंच सांगितलं होतं. दुकानदार आणि कीर्तनकार, मंडळी, दोघंही मोक्ष सोपा करूनच सांगतात.

या स्पीकरचं पहिलं काम कुठं निघालं? सासुरवाडीला! पिंपळदऱ्याला! सासरे गेनूबाबा, त्यांचं वर्षश्राद्ध. जावई स्वतःचे स्पीकर घेऊन येणार म्हटल्यावर गावात केवढा थाट! गोरक्षनं इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं. स्पीकर उचलायला निघालेला माणूस अत्तर लावतो का हो? लावतो. सासुरवाडीला जाताना बैलसुद्धा शिंगं रंगवून घेईल.

पण थाट हा वरचा भाग. आतली गोष्ट निराळी होती. गेनूबाबा पहाटे गोठ्यात धार काढता काढता भूपाळी म्हणायचे. मोठ्यानं नाही, गायीपुरतं. गोरक्ष एकदा पाहुणा आलेला असताना त्यानं ती फोनवर रेकॉर्ड करून ठेवली होती. बाबा गेल्यावर सासूबाईंनी, म्हणजे भागाबाईंनी, ती ऐकायला मागितली. फोन कानाला लावला, पुन्हा लावला, आणि खाली ठेवला.

"पाव्हणं," म्हणाल्या, "माझ्या कानाला नुसतं खसखसतंय. त्यांचा आवाज काय सापडंना."

गोरक्षला भरून आलं. म्हणाला, "मामी, वर्षश्राद्धाला मोठ्या स्पीकरवर लावतो. सगळ्यात आधी बाबांची भूपाळी, मग कीर्तन. तुम्ही पहिल्या रांगेत बसा फक्त!"

बघा, शब्द देऊन बसला. जिभेला कुठं वायर असते!

आता घरची परिस्थिती ऐका. लेक गोरक्षला दिलेली, आणि भागाबाईंना दोन मुलगे — थोरला रंगनाथ, धाकटा जालिंदर. बाबा गेले आणि वाटणी झाली. एका अंगणात समोरासमोर दोन घरं, आणि आई? एक महिना इकडं, एक महिना तिकडं. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. अगदीच बोलायची वेळ आली तर थोरला म्हशीला सांगायचा, "काय गं, लोकांना समजत नाही का, पाणी आमच्या दारात सोडू नये म्हणून?" धाकटा कुत्र्याला म्हणायचा, "मोत्या, ज्यांचं दार उताराला असतं त्यांनी गप बसावं!" म्हैस आणि कुत्रा दोघंही बिचारे गोंधळून गेले होते.

मांडव कुठं? त्याच अंगणात, दोन घरांच्या मधोमध. गोरक्षनं टेम्पो लावला, स्पीकर उतरवले, तोच रंगनाथ आला.

"दाजी, लाईट माझ्याकडनं घ्यायची. थोरला मी हाय."

पाठोपाठ जालिंदर. "दाजी, माझ्या पडवीत बोर्ड काढून ठेवलाय. लाईट माझ्याकडनंच जाईल."

जावई अडकला! आपल्याकडं कार्याला लाईट कुणाच्या घरातनं घेतली, हाही मान असतो, मंडळी. बिल भरायची वेळ आली की म्हशीला विचारतात; पण मान? मान सोडायचा नाही! गोरक्षनं विचार केला, एकाकडनं घ्यावी तर दुसरा रुसणार. मग त्यानं डोकं चालवलं. डावा स्पीकर रंगनाथच्या घरातनं, उजवा जालिंदरच्या घरातनं! दोघं खूश. गोरक्ष स्वतःवर इतका खूश, की त्यानं स्वतःच्याच पाठीवर हात पोचतो का ते बघितलं.

म्हण आहे ना, दोन घरचा पाहुणा उपाशी? यानं पाहुणा सोडा, स्पीकरच दोन घरी जेवायला पाठवले!

माणसं जमायला लागली. बटण दाबलं. आणि — घूंऽऽऽऽऽ!

अजून काही लावलेलं नाही! फोन खिशात आहे! आणि दोन्ही स्पीकर घूंऽऽऽ करतायत. मागनं एक आजोबा म्हणाले, "काय रं, मधमाश्यांचं पोळं आणलंय का?" गोरक्ष हसला. साउंडवाला हसला की समजायचं, याला काही कळलेलं नाही.

आवाजाची वायर बदलली. घूंऽऽ! दुसरी टाकली. घूंऽऽ! पिना पुसल्या, फुंकर मारली. आवाजाची वायर लाईटच्या वायरीपासून लांब नेली. घूंऽऽ! मग सुरू झालं आपलं नेहमीचं, नाचता येईना अंगण वाकडं! "फोन बंद करा सगळ्यांनी!" म्हणाला. केले. "मांडवातला पंखा बंद करा!" केला. लोक घामाघूम, स्पीकर मजेत. मृदंगवाल्याला म्हणाला, "तुम्ही जरा लांब बसा." मृदंगाला वायर असते का हो? तो बिचारा मृदंगाला कणीक लावत होता, उठला आणि लिंबाखाली जाऊन बसला.

कीर्तनाचे बुवा आले होते. ऐकून म्हणाले, "असू द्या हो, माझ्या आवाजात झाकून जाईल!" आमचं असंच असतं, मंडळी. आम्हाला कशाचं काही नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याला घरघर ऐकूच येत नाही. पण गेनूबाबांचा आवाज? तो गायीपुरता! आवाज वाढवावा तर घरघरही वाढणार, कमी करावा तर बाबा ऐकूच येणार नाहीत.

आणि पहिल्या रांगेत भागाबाई येऊन बसलेल्या. नऊवारी धुतलेली, हात मांडीवर, नजर स्पीकरवर. नवरा आता बोलेल, मग बोलेल. गोरक्षला तिकडं बघवेना.

मग त्यानं काय केलं? पक्कड काढली. या धंद्यात एक चोरवाट आहे. तीन पिनांची जी पिन असते ना, तिच्यातली वरची जाड पिन म्हणजे अर्थिंगची. ती जमिनीशी जोडलेली असते. यंत्रात कुठं करंट उतरला तर तो जमिनीत जावा, माणसात नको, म्हणून ती ठेवलेली. पण ती पिन मोडली की कित्येकदा घरघर थांबते. म्हणून पुष्कळ जण मोडतात! घरघर गेली म्हणून खूश होतात, आणि राखण करणारा गेला हे विसरतात.

गोरक्षनं उजव्या स्पीकरची पिन बोर्डातनं उपसली, जाड पिनेला पक्कड लावली. आता एक हिसका, की झालं काम. तेवढ्यात भागाबाई उठल्या. हातात हळदकुंकवाचं ताट.

"पाव्हणं, थांबा. जरा पूजा करते. ह्यातनं ते बोलणार न्हवं?"

सकाळीच सडा घातलेला, अंगण ओलं. पाय अनवाणी. बोटं पाण्यात बुडवून त्यांनी कुंकू कालवलं, आणि ओला हात त्याच उजव्या स्पीकरच्या लोखंडी जाळीवर ठेवला.

मंडळी, गोरक्षच्या हातातली पक्कड तिथंच राहिली. असल्याच एका पिन मोडलेल्या स्पीकरनं त्याला एकदा असा झटका दिला होता, की तो तुळशीवृंदावनावर जाऊन पडला होता, चार दिवस लोक विचारत होते, "प्रदक्षिणा पुरी झाली का?" तेव्हा तोही हसला होता. पण आता हा हात मामींचा होता! मनात म्हणाला, 'गोरक्षा, गाढवा, बाबांचा आवाज ऐकवायला आलास, की मामींना बाबांकडं पाठवायला?'

पक्कड पिशवीत टाकली. खाली बसला. म्हणाला, आता तोंड दाबायचं नाही, मूळ बघायचं.

उजव्या स्पीकरची पिन उपसलेलीच होती. ऐकतो तर काय — डावा स्पीकर एकदम गप्प! आता उजव्याची लावली, डाव्याची काढली. उजवाही गप्प! दोन्ही लावले — घूंऽऽऽ!

कळलं का? रंगनाथच्या घरची लाईट एकटी — शांत. जालिंदरच्या घरची एकटी — शांत. दोघं एका वायरीला आले, की घरघर! दोन घरांच्या अर्थिंगचे खड्डे निराळे, दोन जमिनी निराळ्या, आणि मधल्या आवाजाच्या वायरीत त्यांची ओढाताण. वायरीचा दोष नाही, स्पीकरचा नाही, मृदंगवाल्याचा तर नाहीच नाही! दोष कुणाचा? दोघांना खूश करणाऱ्या शहाण्या जावयाचा!

गोरक्ष उभा राहिला. कपाळावर हात मारून घेतला, चांगला मोठ्यानं. मेव्हण्यांना बोलावलं. "दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावर घ्यावे लागतील. चूक माझी हाय. मला दोन्ही घरी पुरणपोळी खायची होती. आता सांगा, कुणाकडनं घेऊ?"

"माझ्याकडनं," रंगनाथ.

"माझ्याकडनं," जालिंदर.

"मग एकाच स्पीकरवर भागवू का?"

"कुणाच्या?" दोघं एकदम! वर्षभरात पहिल्यांदा एका सुरात बोलले, तेही भांडायला.

भागाबाई ताट घेऊन तशाच उभ्या. त्या हळूच म्हणाल्या, "गोठ्यात हाय की त्यांचं मीटर."

गोठा! वाटणी सगळ्याची झाली, गोठ्याची राहिली होती. मीटर अजून गेनूबाबांच्या नावावर. बाबांनी स्वतः गोठ्याबाहेर खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून अर्थिंग केलेलं. भागाबाईंना सांगून ठेवलं होतं, "त्यात पाणी घालत जा." आणि ही बाई या घरी असो की त्या घरी, रोज तांब्याभर पाणी तिथं घालत होती. पण गोठ्यात लाईट नव्हती. का? कुलपाची किल्ली थोरल्यानं नेलेली, धाकट्यानं जाऊ नये म्हणून. आणि फ्यूज धाकट्यानं काढून नेलेला, थोरल्यानं वापरू नये म्हणून!

हसता काय! तुमच्याकडं काय नेलंय कुणी, आठवा जरा.

आई उभी आहे. सगळं गाव बघतंय. रंगनाथ घरात गेला, किल्ली घेऊन आला. जालिंदर गेला, फ्यूज घेऊन आला. एकानं कुलूप काढलं, दुसऱ्यानं फ्यूज बसवला, दोघं एकमेकांकडं न बघता. गोरक्षनं लांब वायर ओढली, एकच बोर्ड, दोन्ही स्पीकर त्याच्यावर. देवाचं नाव घेतलं. बटण दाबलं.

काही नाही! इतकं शांत, की स्पीकर बंद पडला म्हणून त्याचीच धडधड वाढली. मग त्यानं फोन जोडला.

आधी धारेचा आवाज. चरवीत — सर्र, सर्र. गायीच्या गळ्यातली घंटा. आणि मग गेनूबाबा. तो म्हातारा, जाडसर, झोपेतनं नुकता उठलेला आवाज. भूपाळी. एक खोकला. पुन्हा भूपाळी. अंगणभर! भागाबाईंनी पदर तोंडाला लावला. गोरक्ष मिक्सरवर वाकून रडत होता, बटणं बघतोय असं दाखवत.

भूपाळी संपली. रेकॉर्डिंग बंद करायचं त्या दिवशी त्याच्याकडनं राहिलं होतं, आणि पुढं काय आहे हे त्यानंही कधी ऐकलं नव्हतं. स्पीकरमधनं गेनूबाबा म्हणाले, "भागे, च्या झाला का गं? पोरांना हाक मार."

आणि भागाबाई ताडकन वळल्या, गोठ्याकडं चालायला लागल्या. "झाला! झाला! आले —"

दोन पावलं गेल्या आणि थबकल्या. गोठ्यात कुणी नाही, हे त्यांना तेव्हा आठवलं. तोल गेला.

रंगनाथ मांडवाच्या या टोकाला. म्हैस जवळ नव्हती. असती तरी तिला सांगितलं नसतं. तो ओरडला, "जाल्या! आईला धर!"

जालिंदरनं धरलं. थोरला धावत आला, त्यानं दुसरा हात धरला. मधे आई.

मंडळी, मी पुढचं सांगत नाही. तुमच्या घरची किल्ली कुणाकडं आहे आणि फ्यूज कुणाकडं, ते मला माहीत नाही, तुम्हाला आहे. आज घरी गेल्यावर ते ज्याचं त्याला नेऊन द्या. आई उभी आहे तोवर द्या.

आणि मला हसायचं असेल तर खुशाल हसा. माझी एक पिन देवाच्या बोर्डात, दुसरी तुमच्या टाळ्यांत. घरघर होणारच! म्हणून तर आम्हाला इको लागतो.

साउंडवाले दादा, काढा तो इको. होय, आता खरंच काढा. पट्टा घसरला तर घसरू दे... ऐकू येतंय ना मागं? बास. आता जसा आहे तशाच आवाजात, माझ्याबरोबर, देवाचं नाव घ्या.