छताची ओल

गच्चीवरची बाग आखली होती संपदानेच, आणि ती गळतेय म्हणून बघायलाही तिलाच बोलावलं होतं. वसई स्टेशनबाहेर निर्मळच्या एसटीच्या रांगेत तिच्या पुढे दोघे पाठमोरे उभे होते.

"आग्नेलकाका, गळती तुमच्या खोलीत, आणि तुम्हीच बाग काढू देत नाही?"

"राहू दे रे, चंद्रहास."

"मी सेक्रेटरी आहे, काका. उद्या प्लॅस्टर पडलं तर लोक मला धरतील."

"पलंग भिंतीकडे सरकवलाय."

"पण का एवढं?"

"बिल्डिंगचा पाया खणताना निघालेली आमच्या वाडीची माती गच्चीवर नेली ना, तीच ती. तू झाडांना पाणी घातलंस की छताला ओल धरते आणि खोलीभर वाडीचा वास सुटतो. तुझी फिलोमिनाकाकी अंथरुणाला खिळलीय. त्या वासावर दोन घास जास्त खाते."

"मग पाणी कधी घालत जाऊ?"

"जेवायच्या जरा आधी घाल."

"आणि ती आर्किटेक्ट आज येतेय, तिला काय सांगू?"

"सांग, गळती थांबली."

एसटी आली. दोघे चढले. संपदा रांगेतून बाजूला झाली.